साथीच्या काळात मोठ्या आतड्याची तपासणी: कोण थांबू शकतं, कोण नाही

कोविडच्या साथीत, एप्रिल २०२० मध्ये, इंग्लंडमध्ये झालेल्या कोलोनोस्कोपी (मोठं आतडं आतून दुर्बिणीने बघण्याच्या तपासण्या) २०१९च्या मासिक सरासरीपेक्षा ९२ टक्क्यांनी कमी होत्या. कर्करोगाच्या संशयाने तातडीने पाठवले जाणारे रुग्ण ६३ टक्क्यांनी घटले. एप्रिल ते ऑक्टोबर या सात महिन्यांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं निदान झालेल्यांची संख्या अपेक्षेपेक्षा साडेतीन हजारांहून अधिकने कमी भरली. आजार तेवढाच होता. तो शोधायचं काम बंद पडलं होतं.

साथीत सगळं पूर्वीसारखं चालू ठेवता येत नाही, हे मान्यच. पण सगळ्यांना सरसकट ‘सहा महिन्यांनी या’ असं सांगणं ही मोठी चूक आहे, कारण या आजारात कोणाला थांबवता येतं आणि कोणाला नाही, हे बऱ्यापैकी सांगता येतं. आतड्याच्या अस्तरावर वाढलेल्या साध्या कोंबाचा, म्हणजे पॉलिपचा, कर्करोग व्हायला साधारण दहा वर्षं लागतात. त्यामुळे ज्याला काहीही त्रास नाही आणि ज्याची ठरलेली तपासणी चार-सहा महिने पुढे गेली, त्याचं सहसा फारसं बिघडत नाही. आधी एक-दोन छोटे, १० मिलिमीटरपेक्षा लहान पॉलिप काढलेत, त्यांची पुढची कोलोनोस्कोपी तशीही बऱ्याच वर्षांनी असते. त्यांनी निर्धास्तपणे थांबावं. पण २० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा पॉलिप तुकड्या-तुकड्यांनी काढला असेल, तर सहा महिन्यांनी ती जागा पुन्हा बघावीच लागते. अशा रुग्णाची तारीख पुढे ढकलू नका.

थांबू नये असा दुसरा गट म्हणजे लक्षणं असलेले. शौचातून रक्त, काही आठवडे टिकलेला शौचाच्या सवयीतला बदल, कारण नसताना घटणारं वजन आणि लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय. यातला रक्तक्षय सगळ्यात जास्त निसटतो. उजव्या बाजूच्या आतड्यातली गाठ थोडं थोडं रक्त गाळत राहते. ते डोळ्यांना दिसत नाही, पोटही दुखत नाही, फक्त जिना चढताना धाप लागते. साथीत धाप लागली की सगळ्यांचं लक्ष फुप्फुसांकडे जातं. पुरुषात किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीत हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप) दोन्ही कमी असतील, तर नुसत्या लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठवू नये. रक्त कुठे जातंय ते शोधावं.

या गर्दीत रांग लावायला सगळ्यात उपयोगी पडते ती फिट (FIT) ही शौचाची चाचणी. शौचातलं माणसाचं हिमोग्लोबिन ती प्रतिपिंडांच्या मदतीने मोजते. जठरातून आलेलं हिमोग्लोबिन वाटेत पचून जातं, म्हणून ही चाचणी मुख्यतः मोठ्या आतड्याबद्दल बोलते. शौचातलं रक्त शोधणाऱ्या जुन्या ग्वायाक चाचणीसारखं तीन वेळचे नमुने, मांस बंद, क जीवनसत्त्व बंद असलं काही लागत नाही. लक्षणं असलेल्यांसाठी एक ग्रॅम विष्ठेत १० मायक्रोग्रॅम हिमोग्लोबिन ही सीमा वापरली जाते. त्याखालच्या माणसाला कर्करोग असण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी असते. तरी या सीमेवर कर्करोगाच्या दहा रुग्णांमागे साधारण एक निसटतो. म्हणून रक्तक्षय किंवा हाताला लागणारी गाठ असेल, तर आकडा कमी आला तरी माणसाला रांगेतून काढू नका.

नमुना घरी घ्यायचा असल्यामुळे चुका तिथेच होतात. शौच भांड्यातल्या पाण्यात पडू देऊ नये. आधी भांड्यात जाडसर कागद किंवा स्वच्छ डबा ठेवावा. बाटलीच्या झाकणाला जोडलेली काडी असते आणि तिच्या टोकाला बारीक खाचा असतात. ती काडी विष्ठेच्या चार-पाच जागी ओढायची. खाचा भरल्या की बास. पुष्कळ जण ‘जास्त दिलं तर तपासणी नीट होईल’ म्हणून काडीवर ढीग घेतात. मग आत ठरावीक मापाच्या द्रवात नमुन्याचं प्रमाण बिघडतं आणि आकड्यावर भरवसा राहत नाही. बाटलीवर तारीख लिहायला विसरलं, तर प्रयोगशाळा नमुना फेकून देऊ शकते. उन्हात तापलेल्या गाडीत किंवा टपालपेटीत बाटली पडून राहिली, तर हिमोग्लोबिन मोडतं आणि रक्त असूनही आकडा कमी येतो. साथीत टपाल उशिरा पोचतं, त्यामुळे नमुना घेतल्याच्या दिवशीच पाठवणं किंवा नेऊन देणं उत्तम. पाळी चालू असताना किंवा मूळव्याधीतून रक्त येत असताना ही चाचणी करू नये.

आता खरी गफलत. फिट सकारात्मक आली, कोलोनोस्कोपीची वेळ मिळत नाही, म्हणून ‘तोवर पुन्हा एकदा फिट करू’ असा सल्ला दिला जातो. दुसरी नकारात्मक आली की माणूस सुटकेचा श्वास सोडतो. गाठ रोज रक्त गाळत नाही. दुसऱ्या दिवशीच्या शौचात रक्त नव्हतं, एवढाच त्या निकालाचा अर्थ. एकदा सकारात्मक आली की पुढची पायरी कोलोनोस्कोपीच. मोठ्या अभ्यासात असं दिसलंय की सकारात्मक फिटनंतर नऊ महिन्यांपर्यंतच्या उशिराने कर्करोगाचा धोका लक्षणीय वाढला नाही, दहाव्या महिन्यापासून मात्र तो वाढायला लागला. हे नऊ महिने घाबरून न जाण्यासाठी आहेत, आळस करण्यासाठी नाहीत.

कोलोनोस्कोपी विभागाची गती साथीत का मंदावते, हेही समजून घ्यायला हवं. दोन रुग्णांमध्ये खोलीतली हवा बदलावी लागते. तासाला १२ वेळा हवा बदलणाऱ्या खोलीत हवेतले ९९ टक्के कण जायला सुमारे २३ मिनिटं लागतात. तासाला ६ वेळा बदलत असेल तर ४६ मिनिटं. त्यात संरक्षक पोशाख घालणं-काढणं आणि सफाई आलीच. दिवसाच्या यादीतली नावं सरळ निम्मी होतात, म्हणून पोट साफ करायची तयारी बिघडून वाया गेलेली एक वेळही परवडत नाही. लोहाच्या गोळ्या पाच-सात दिवस आधी बंद, कारण त्याने विष्ठा काळी आणि चिकट होते. दोन-तीन दिवस बियांचं आणि चोथ्याचं अन्न टाळायचं. पोट साफ करायचं औषध निम्मं आदल्या रात्री, उरलेलं तपासणीच्या चार ते सहा तास आधी सुरू करून दोन तास आधी संपवायचं. शेवटचं शौच पिवळसर पाण्यासारखं आलं पाहिजे. गढूळ आलं, तर तसं विभागाला फोन करून सांगा. रक्त पातळ करणारी औषधं स्वतःहून बंद करू नका, ती डॉक्टरांना विचारूनच.

निदान झालेल्यांचं काय? उपचारातला प्रत्येक चार आठवड्यांचा उशीर आतड्याच्या शस्त्रक्रियेत मृत्यूचा धोका सुमारे ६ टक्क्यांनी वाढवतो, शस्त्रक्रियेनंतरच्या केमोथेरपीत सुमारे १३ टक्क्यांनी. उलट बाजूने, अंगात कोविड असताना शस्त्रक्रिया करणंही घातक. २०२०च्या मोठ्या पाहणीत अशा रुग्णांपैकी २३.८ टक्के ३० दिवसांत दगावले. म्हणून त्या काळात संसर्गानंतर सात आठवडे थांबावं असा सल्ला दिला जात होता. आतड्याचा मार्ग बंद पडत चालला असेल, तर मात्र असा थांबण्याचा हिशेब लागू पडत नाही. तिथे स्टेंट (मार्ग उघडा ठेवणारी जाळीदार नळी) घालून किंवा स्टोमा (आतड्याचं तोंड पोटावर काढणं) करून वेळ काढावी लागते. गुदाशयाच्या कर्करोगात पाच आठवड्यांच्या रेडिएशनऐवजी पाच दिवसांचं, रोज ५ ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं एकक), हा पर्याय पुष्कळ ठिकाणी निवडला गेला. रुग्णालयाच्या वीसेक फेऱ्या वाचतात. आतड्याच्या कर्करोगाच्या कमी धोक्याच्या तिसऱ्या टप्प्यात (गाठ जवळच्या लसिका ग्रंथींपर्यंत पोचलेली) सहा महिन्यांऐवजी तीन महिन्यांची कॅपॉक्स ही केमोथेरपीची पद्धतही याच कारणाने सोयीची ठरली. तीत दर तीन आठवड्यांनी एक सलाईन आणि बाकी कॅपेसिटाबीनच्या गोळ्या घरी.

गोळ्या घरी म्हणजे देखरेखही घरी. या गोळ्या चालू असताना दिवसाला नेहमीपेक्षा चार किंवा अधिक वेळा जास्त जुलाब झाले, तर पुढची गोळी न घेता लगेच फोन करावा. आणि ताप ३८ अंशांवर गेला, तर ‘आधी कोविडची तपासणी, मग बघू’ असं ऐकून घेऊ नये. रुग्णालयाच्या दारावरच सांगा: केमोथेरपी चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला. पांढऱ्या पेशी खाली गेल्या असतील, तर प्रतिजैविक तासाभरात सुरू व्हायला हवं. कोविडचा निकाल त्यानंतर आला तरी चालतो.