भुतंही आणि काहीच न घडणारेही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर या प्रश्नावर मी हल्ली हसून वेळ मारून नेते. प्रश्न ठरलेला असतो: "तू भुताखेतांचे सिनेमे बघतेस आणि ते काहीच न घडणारे फेस्टिव्हलवालेही बघतेस. तुला नक्की आवडतं तरी काय?" विचारणाऱ्याचं उत्तर तयारच असतं. भुतं ही खरी आवड, बाकीचं चारचौघांत बोलायला.

तसं नाहीये. उलट, संथ सिनेमा बघायला मला भुतांनीच शिकवलं. भयपटात कॅमेरा एका जागी थांबला की आपण आपोआप कोपरे तपासायला लागतो. दार किती उघडं आहे, मागच्या खिडकीत कोण आहे, पडदा आत्ता हलला का. ही खोड लागलेल्या माणसाला चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' (2014), एका म्हाताऱ्या लोकशाहिरावरच्या खटल्याचा सिनेमा, कंटाळवाणा वाटूच शकत नाही. त्यात शेवटाकडे उन्हाळी सुट्टी लागते, कोर्टाची खोली रिकामी होते, दिवे मालवतात आणि पडदा काळा होतो. संपलं म्हणून लोक पिशव्या गोळा करून उठतात, तर सिनेमा पुढे चालूच! खटला चालवणारे न्यायाधीश सहलीला गेलेत. बाकावर बसल्या बसल्या डुलकी लागते, पोरं जवळ येऊन ओरडून दचकवतात, साहेब हाताला लागलेल्या पोराच्या मुस्काटात देतात आणि परत डोळे मिटतात. त्या लोकशाहिराचा जामीन ज्याच्या हातात होता तो हा माणूस. एवढं दचकवणारं दृश्य मी भयपटातही फारसं पाहिलेलं नाही.

पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' तर मी सरळ भुतांच्याच यादीत टाकते. 2024 मध्ये कान चित्रपट महोत्सवात त्याला ग्रां प्री हा पुरस्कार मिळाला, तेव्हा सगळीकडे मुंबईच्या पावसाबद्दल आणि एकटेपणाबद्दल लिहून आलं. ते खरंच आहे. पण त्यातला कुकर आठवा. प्रभा मुंबईतल्या हॉस्पिटलात नर्स आहे, नवरा जर्मनीत, त्याचा फोनसुद्धा येत नाही. एक दिवस पार्सल येतं, आत लालचुटूक राइस कुकर. चिठ्ठी नाही, पाठवणाऱ्याचं नाव नाही. रात्री ती फरशीवर बसून त्या कुकरला मिठी मारते. माणूस गायब आणि त्याची वस्तू घरात येऊन बसलेली. भयपटात याला झपाटणं म्हणतात. (ज्यांनी बघितला नाही त्यांनी हा परिच्छेद इथेच सोडावा.) पुढे बिल्डरने चाळीतून घालवलेल्या पार्वतीबरोबर, म्हणजे छाया कदमबरोबर, प्रभा रत्नागिरीकडे तिच्या गावी जाते. तिथे समुद्रातून बाहेर काढलेल्या एका अनोळखी माणसाचा जीव वाचवते, आणि रात्री त्याच्याशी बोलताना तो तिचा नवराच होऊन बसतो. कुणी डोळे फिरवत नाही, वारा सुटत नाही, आणि तरी भुताने धरलेल्या माणसासारखं काहीतरी त्या खोलीत घडतं. माझ्या बरोबरच्या मैत्रिणीला हे अजिबात पटलं नाही. तिला सिनेमा मुंबईतच राहायला हवा होता. माझं म्हणणं, कोकणात गेल्यावरच त्याला कंठ फुटला.

आता खरीखुरी भुतं. 'तुंबाड' 2018 मध्ये आला तेव्हा फारसा चालला नाही, आणि सप्टेंबर 2024 मध्ये परत लागला तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त चालला. मोठ्या पडद्यावर पुन्हा बघताना मला हस्तरपेक्षा, म्हणजे सोन्याच्या मुद्रा राखणाऱ्या त्या शापित देवापेक्षा, नायक विनायकरावाचं काम जास्त दिसलं. दोर सोडा, खाली उतरा, पिठाचं रिंगण घाला, कणकेची बाहुली टाका, हस्तर तिच्यावर तुटून पडला की त्याच्या लंगोटातून सांडतील तेवढ्या मुद्रा उचला आणि वर या. लोभाची गोष्ट म्हणतात तिला, पण बघताना ती रोजगाराची वाटते. महिन्याचे पैसे संपले की चालला कामावर! एकच खंत, हा सगळा कोकणी पाऊस आणि त्यातली आजी हिंदीत बोलते.

कोकणातलाच 'मुंज्या' (2024) मात्र मला अर्धाच आवडला. समुद्र, पिंपळ, मुंज झाल्यावर लगेच मेलेला हट्टी मुलगा, तिथवर मांडणी झकास. पुढे संगणकावर केलेलं ते भूत इतक्या वेळा समोर येऊन इतकं बोलतं, की त्याची भीती जाऊन त्याला ओरडावंसं वाटतं, घरातल्या व्रात्य पोराला ओरडावं तसं. विशाल फुरियाच्या 'लपाछपी'त (2017) उलटं आहे. तिथे भीती उसात आहे, तीही भर उन्हात. गरोदर बाई उसात शिरते आणि प्रत्येक सरी आधीच्या सरीसारखीच दिसते. ज्याने वाढलेल्या उसात वाट चुकून बघितली आहे त्याला वेगळं सांगायला नको. शेवटी मुलींच्या हत्येवर भाषण येतं, ते मी मुकाट्याने ऐकून घेते. उसाने ते आधीच सांगून झालेलं असतं.

रोहन कानवडेच्या 'साबर बोंडं'ला 2025 मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. बाप गेला म्हणून दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला मुलगा, आणि तिथला त्याचा जुना मित्र. खायचं काय, पायात काय घालायचं नाही, आणि लग्न कधी करणार, हे सगळे नातेवाईक एकाच सुरात सांगतात. त्या गर्दीत हे दोघं स्वतःपुरती जागा शोधतात, एवढंच घडतं. मला पुरलं. खेळ मात्र इतके कमी होते की तुम्ही म्हणाल, कुणी बघूच नये अशी व्यवस्था होती.

राहता राहिला तुमचा दुसरा प्रश्न, घरी सगळ्यांनी मिळून काय बघायचं. जयंत सोमलकरचा 'स्थळ' बघा. सुरुवातीला बायका ऐसपैस बसल्यात आणि दाखवायला आणलाय मुलगा. मग कळतं ते लग्नाच्या वयाच्या सवितेचं स्वप्न होतं. पुढे खरे कार्यक्रम सुरू होतात. विदर्भातलं गाव, कापसाला भाव नाही, ओळीने बसलेले पुरुष आणि नाव, शिक्षण, उंची, तेच प्रश्न त्याच क्रमाने. पहिल्यांदा हसू येतं. नंतर नुसती पाहुण्यांची चाहूल लागली तरी पोटात गोळा येतो, आणि हे तंत्र अस्सल भयपटाचं आहे. फक्त घरात पुढच्या रविवारी कुणाचा बघण्याचा कार्यक्रम असेल, तर सिनेमा त्याच्या आधी लावा.