वडिलांचे ‘जनता’ रात्रीच का थांबत असे

वडिलांच्या पश्चात अकरा वर्षे कपाटाच्या खणात पडून राहिलेले त्यांचे एचएमटी ‘जनता’ घड्याळ मी गेल्या पावसाळ्यात बाहेर काढले. पांढरी डायल, निळे काटे, १७ ज्वेल्स (चाकांचे घर्षण कमी करणारे बारीक खडे) आणि रोज हाताने द्यावी लागणारी चावी, असे हे साधे घड्याळ. आकाशवाणी पुणे केंद्राच्या सकाळी ७ वाजून ५ मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या सुरू झाल्या की वडील त्याची वेळ जुळवून घेत आणि लगेच चावीही देत. मीही त्याच मुहूर्तावर चावी दिली. घड्याळ सुरू झाले, अर्धा तास चालले आणि थांबले. हलवले की पुन्हा चाले, टेबलावर ठेवले की थोड्या वेळाने बंद पडे.

“जास्त चावी दिलीस. हे मोजून द्यायचे,” आई म्हणाली. हा समज बहुतेक घरांत असतो, आणि तो बहुधा चुकीचा असतो. चावी पूर्ण बसलेली असताना घड्याळ थांबत असेल, तर मेन स्प्रिंगमध्ये, म्हणजे चावीने गुंडाळल्या जाणाऱ्या मुख्य स्प्रिंगमध्ये, जोर आहे, मात्र तो एकामागून एक चाकांतून जाऊन बॅलन्सपर्यंत, म्हणजे इकडून तिकडे डुलत घड्याळाची गती राखणाऱ्या चाकापर्यंत, पुरेसा पोहोचत नाही, एवढाच त्याचा अर्थ. या घड्याळाचे तासाला १८,००० म्हणजे सेकंदाला पाच ठोके पडतात. वाटेत कुठे तेल वाळून चिकट झाले असेल, तर तेवढा अडथळाही पुरतो. चुंबकाचा संशय मीच मनातून काढून टाकला, कारण चुंबकाच्या प्रभावाखाली आलेले घड्याळ सहसा भराभर पुढे जाते, आणि हे चालत असेतोवर वेळ बरोबर दाखवत होते.

जुन्या बाजारातल्या एका घड्याळजींनी मागचे झाकण उघडले, डोळ्याला भिंग लावून पाहिले आणि मलाही पाहू दिले. बॅलन्सचे चाक जेमतेम इकडून तिकडे डुलत होते. “तेल वाळलंय. सर्व्हिसिंग करावं लागेल,” ते म्हणाले. एखादा भाग बदलावा लागला तर मिळेल का, ही माझी खरी धास्ती होती. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये बंगळूरला सुरू झालेला एचएमटीचा घड्याळांचा उद्योग बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतला, आणि तेव्हापासून सुटे भाग बहुतेक बंद पडलेल्या जुन्या घड्याळांतूनच काढावे लागतात. सुदैवाने तशी वेळ आली नाही. आठ दिवसांनी आणि सहाशे रुपयांत घड्याळ स्वच्छ होऊन परत आले.

तीन दिवस ते निर्वेध चालले. चौथ्या दिवशी सकाळी उठून पाहतो, तर बंद.

या वेळी मी ते लगेच परत नेले नाही. मधूनमधून बंद पडणारे घड्याळ घड्याळजींच्या टेबलावर हटकून चालते, हे मला आधीच्या फेरीत कळून चुकले होते. मी दुधाच्या हिशेबाच्या वहीची मागची पाने घेतली आणि कधी चावी दिली, घड्याळ कुठे व कसे ठेवले होते आणि किती वाजता थांबले, असे तीन रकाने आखले. दोन आठवड्यांत ते पाच वेळा थांबले, आणि पाचही वेळा रात्री. सकाळी दिलेली चावी रात्रीपर्यंत उतरत असावी, हा पहिला तर्क. म्हणून रात्री झोपताना चावी द्यायला सुरुवात केली, तरीही ते थांबलेच. म्हणजे स्प्रिंगवरचा आरोप टिकला नाही.

वहीतल्या वेळा अशा होत्या: १०.५४, २.१०, ५.२६, पुन्हा २.१० आणि १.०४. आकड्यांत मला काही केल्या संगती दिसेना, आणि इथे माझे चार-पाच दिवस उगाच गेले. सहाव्यांदा घड्याळ ३.१५ ला थांबले, तेव्हा आकडा लिहिण्याआधी मी सहज डायलकडे नीट पाहिले. मिनिटकाटा तासकाट्याला येऊन टेकला होता. मग वहीतली प्रत्येक वेळ काटे फिरवून लावून पाहिली, आणि प्रत्येक वेळी तेच चित्र. बारा तासांत हे दोन काटे अकरा वेळा, म्हणजे साधारण दर साडेपासष्ट मिनिटांनी, एकमेकांवरून जातात. माझे घड्याळ त्या ओलांडणीच्या मिनिटभर आधी अडत होते.

राहिला प्रश्न रात्रीचा, आणि त्याचे उत्तर दुसऱ्या रकान्यात होते. टिकटिक कमी ऐकू यावी म्हणून मी रात्री घड्याळ घडी केलेल्या रुमालावर पालथे, काच खाली करून ठेवत असे. तीन रात्री ते उताणे ठेवले, तर एकदाही थांबले नाही. चौथ्या रात्री पालथे ठेवले आणि पहाटे ४.२१ ला ते थांबले.

वही घेऊनच घड्याळजींकडे गेलो. त्यांनी नोंदी वाचल्या, घड्याळ पालथे धरून बाजूने भिंगातून पाहिले आणि मग काही न बोलता काटे व डायल काढली. तासकाटा ज्या चाकावर बसतो, त्या चाकावर डायलच्या खाली कागदासारखी पातळ, किंचित वाकवलेली पितळी चकती असते. ती चाकाला हलकेच दाबून जागेवर ठेवते. ती नव्हतीच. त्यामुळे घड्याळ पालथे झाले की चाक आणि त्याबरोबर तासकाटा काचेच्या दिशेने केसभर सरकत असे आणि मिनिटकाट्याची वाट अडवत असे. कधी घासून पुढे जाई, कधी अडून बसे. “वॉशर राहिला,” ते म्हणाले. एका जुन्या पत्र्याच्या डबीतून त्यांनी चिमट्याने तशी चकती शोधून बसवली, काटे समांतर केले आणि पैसे घेतले नाहीत.

त्यानंतर दीड महिना ते रोज रात्री पालथेच ठेवले आहे. वहीत एकच नोंद पडली: शनिवार, रात्री ९.२०. काटे एकमेकांपासून चांगले दूर होते. सकाळी चावी द्यायची राहिली होती.