स्लायडर जूनवर, धरण सप्टेंबरचे

मराठवाड्यातील मोठ्या धरणांचा महिनावार पाणीसाठा दाखवणारा नकाशा मी लीफलेट ही वेबपानावर नकाशे दाखवणारी लायब्ररी वापरून तयार केला. पाया ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाचा, त्यावर जायकवाडी, येलदरी, सिद्धेश्वर, माजलगाव, मांजरा आणि विष्णुपुरी यांच्या खुणा, आणि तळाशी महिना बदलण्यासाठी स्लायडर. जिओजेसन या स्थानमाहितीच्या फाइलप्रकारात रेखांश आधी येतो, लीफलेटला अक्षांश आधी लागतो. ही अदलाबदल सांभाळली नाही, तर पैठण नॉर्वेच्या उत्तरेला आर्क्टिक समुद्रात जाऊन बसते. एवढे सांभाळले की उभारणी सोपी आहे.

खरी अडचण पुढे आली. लातूरला माझ्या संगणकावर सगळे सुरळीत चालत असताना केज तालुक्यातील एका परिचितांनी फोन करून कळवले, की स्लायडर जूनवर आहे आणि मांजरा धरण मात्र काठोकाठ भरलेले दिसते. ऐन जूनमध्ये भरलेले मांजरा या भागात कोणालाही पटणारे नव्हते.

प्रत्येक महिन्याची फाइल ब्राउझरने आधीच साठवून ठेवली असल्यामुळे माझ्याकडे ती तत्काळ उघडत होती आणि दोष दिसतच नव्हता. म्हणून ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये कॅश, म्हणजे ही साठवण, बंद करून नेटवर्कचा वेग मुद्दाम थ्री-जीइतका उतरवला आणि स्लायडर सप्टेंबरवरून झरझर मागे आणला. पावसाळ्यातील फायलींत विसर्गाच्या नोंदीही असल्याने त्या मोठ्या होत्या. परिणामी शेवटी मागितलेली जूनची लहान फाइल आधी पोहोचली, आणि रेंगाळत आलेल्या सप्टेंबरने तिच्यावर आपले रंग चढवले. मागण्या ज्या क्रमाने जातात त्याच क्रमाने उत्तरे येतील, अशी हमी फेच, म्हणजे ब्राउझरमधून फाइल मागवणारी आज्ञा, देत नाही.

सेटटाइमआउट ही ठरावीक वेळ थांबवणारी आज्ञा लावून मागणी पाठवण्याआधी अर्धा सेकंद थांबावे, असे एका सहकाऱ्यांनी सुचवले. परंतु त्यामुळे मागण्या कमी झाल्या, तरी जिथे एक उत्तर यायलाच चार सेकंद लागतात तिथे दोष कायम राहतो. त्याऐवजी नवी मागणी पाठवण्यापूर्वी, चालू मागणी थांबवण्याची सोय असलेल्या अ‍ॅबॉर्टकंट्रोलरने जुनी रद्द केली, शिवाय प्रत्येक मागणीला अनुक्रमांक देऊन, शेवटच्या क्रमांकाचे उत्तर असेल तरच नकाशा रंगवला जाईल, अशी अट घातली. रद्द केलेली मागणीही ‘मागणी थांबवली’ ही त्रुटी, म्हणजेच अ‍ॅबॉर्टएरर फेकते. ती वेगळी हाताळली नाही, तर स्लायडर हलवताच पडद्यावर ‘माहिती मिळाली नाही’ अशा सूचनांचा भडिमार होतो. ती गाळल्यावर केजहून पुन्हा पाहायला सांगितले, तेव्हा जूनचे मांजरा जूनसारखेच दिसले.