दमडीचं तेल आणि दोन गुण

ताजमहालाला मराठी व्याकरणात एकच नोकरी आहे. 'आहे ताजमहाल एक जगती, तो तोच त्याच्यापरी' असं म्हणत त्यानं अनन्वय अलंकाराचं उदाहरण होऊन उभं राहायचं. मनाच्या श्लोकांनी भुजंगप्रयात वृत्त सांभाळायचं, मोरोपंतांच्या 'सुसंगति सदा घडो'नं पृथ्वी, आणि एका उंटानं तेलात पोहायचं. शाळा सुटली की व्याख्या पार पुसल्या जातात. अर्थांतरन्यास म्हणजे काय, असं बँकेतल्या एखाद्या पन्नाशीच्या गृहस्थांना विचारा, ते चष्मा काढून पुसायला लागतील. पण नुसतं 'कठिण समय येता' एवढं म्हणा. 'कोण कामास येतो' हे ते आपोआप पूर्ण करतील आणि उसने दिलेले पैसे कसे बुडाले तेही सांगतील.

मूळ श्लोक मात्र त्यांच्या गावी नसतो. रघुनाथ पंडितांच्या नल-दमयंतीच्या आख्यानात नळराजा हंसाला पकडतो, तेव्हा त्याच्याबरोबर पाण्यात खेळायला जमलेले बाकीचे पक्षी भिऊन वेगवेगळ्या दिशांना पळतात. त्या पळपुट्यांवरून कवी शेवटच्या चरणात सगळ्या जगाबद्दलचं विधान करतो. विशेष गोष्टीवरून सामान्य सिद्धान्त, म्हणून अर्थांतरन्यास. पक्षी उडून गेले, हंस पुस्तकात राहिला आणि तो एक चरण तेवढा आपल्यात राहायला आला.

फेब्रुवारी लागला की आमच्या सोसायटीतली दहावीची मुलं संध्याकाळी माझ्याकडे येतात. 'काकू, फक्त अलंकार आणि वृत्तं.' या 'फक्त'चा अर्थ गणित आणि विज्ञानातून उरलेल्या वेळात बसेल तेवढं. हातात गाईड असतं, आणि गाईडात चौकट असते: सम, सारखा, परी, जेवी दिसलं की उपमा, जणू, गमे, वाटे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा, 'न हे' किंवा 'कशाचे' दिसलं की अपन्हुती. चौकट चुकीची नाही, गुणही देते. पण तिच्यावर विसंबलेलं मूल ओळ वाचत नाही, ओळीत शब्द शोधतं. मर्ढेकरांची माघातली मुंबई मी पुढे ठेवली: 'न्हालेल्या जणु गर्भवतीच्या सोज्वळ मोहकतेने बंदर'. 'जणु' दिसताक्षणी तिघं एकदम ओरडले, 'उत्प्रेक्षा!' आणि पान उलटायला निघाले. बंदर तिथेच राहिलं. मी विचारलं, बंदराला बघून कवीला गर्भवतीच का आठवली असेल? बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक मुलगी म्हणाली, 'सकाळी सगळ्या बोटी भरलेल्या असतील म्हणून.' गाईडात हे उत्तर नाही. कृतिपत्रिकेत ते लिहायला जागा नाही. रसग्रहणात लिहिलं तर तपासणाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून.

अर्थालंकारांची गर्दी बघून मुलं उगाच बिचकतात. त्यातले निम्मे एकाच माणसाच्या दुखण्याचे टप्पे आहेत, असं मी त्यांना सांगते. एका मुलाला एका मुलीचा चेहरा चंद्रासारखा वाटतो: ही उपमा. अजून तो शुद्धीवर आहे, 'सारखा' म्हणण्याइतकं भान आहे. मग तो चेहरा जणू चंद्रच वाटतो: उत्प्रेक्षा. पुढे मधला 'जणू'ही गळतो आणि 'मुखचंद्र' उरतो: रूपक. त्यापुढे 'हा चेहरा नव्हेच, चंद्र आहे' अशी अपन्हुती. इथे मित्र काळजी करू लागतात. मग गच्चीवर उभं राहून 'यातला चंद्र नेमका कोणता?' हा ससंदेह. आणि मग भ्रांतिमान, म्हणजे प्रकरण हाताबाहेर. त्याचं जुनं उदाहरण मला फार आवडतं. भुंगे बसलेल्या कमळाच्या पाकळ्या बघून एका विरही गृहस्थांना त्या प्रियेचे डोळेच वाटतात, आणि ते त्यांना काजळ घालायला चक्क तळ्यात उतरतात. 'कांते, वृथा उतरलो, भिजलो विलोकी.' बाई गं, उगाच उतरलो, बघ कसा भिजलो! इतका प्रांजळ कबुलीजबाब मराठी कवितेत दुसरा नसेल. भिजून वर आलं की चंद्र तिच्यापुढे फिका पडतो, हा व्यतिरेक. आणि सगळी उपमानं, म्हणजे तुलनेच्या वस्तू, वापरून संपली की 'ती तिच्यासारखीच', म्हणजे आपला ताजमहाल.

'आणि लग्नानंतर?' मागच्या बाकावरून, म्हणजे आमच्या सोफ्याच्या टोकावरून, प्रश्न आला.

'स्वभावोक्ती,' मी म्हटलं. म्हणजे जसं आहे तसं वर्णन.

ही यादी अशी वाढली कशी, हेही गमतीचं आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अलंकार चारच: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंदापर्यंत येता येता ते शंभराच्या पुढे गेले. मधल्या शतकांत पंडितांनी एकाच चेहऱ्याकडे आणि एकाच चंद्राकडे बघून बारीक बारीक फरक वेचले. दहावीच्या मुलाला त्यातले मूठभरच भेटतात, तरी त्याची तक्रार असतेच. त्याला मी एवढंच सांगते की तू थोडक्यात सुटलास.

अतिशयोक्तीपाशी मात्र मी रेंगाळते. 'दमडीचं तेल आणलं, सासूबाईचं न्हाणं झालं, मामंजींची दाढी झाली, भावोजींची शेंडी झाली, उरलं तेल झाकून ठेवलं, लांडोरीचा पाय लागला, वेशीपर्यंत ओघळ गेला, त्यात उंट पोहून गेला.' आजच्या मुलांना यातलं निम्मं समजावून सांगावं लागतं. दमडी म्हणजे पैशाचाही लहानसा हिस्सा, मामंजी म्हणजे सासरे, लांडोर म्हणजे मोराची मादी. उंट आमच्या गावाच्या वेशीत कुठून आला, हे मीही सांगू शकत नाही. बहुधा पोहण्यासाठी सगळ्यात गैरसोयीचा प्राणी म्हणून त्याची निवड झाली असावी. हे सगळं झाल्यावर मुलं हसतात, 'अतिशयोक्ती' लिहितात आणि पुढे सरकतात.

यंदा मी त्यांना थांबवलं. हे बोलतंय कोण? सासूबाई, मामंजी, भावोजी असं म्हणणारी घरात एकच व्यक्ती असते. मग तिनं केलेली यादी पुन्हा वाचा. सासूचं न्हाणं आहे, सासऱ्यांची दाढी आहे, दिराची शेंडी आहे. उंटाचीसुद्धा सोय आहे. सुनेच्या केसांना तेल लागल्याचा उल्लेख नाही. एका दमडीत अख्खं घर भागवायला सांगणाऱ्यांना तिनं दिलेला हा हिशेब आहे, आणि हिशेब इतका फुगवलेला की कोणी तिला उलटून बोललं असं म्हणू शकणार नाही. परीक्षेत या सगळ्याला 'अतिशयोक्ती' एवढंच नाव आहे. मला वाटतं त्या बाईला व्याकरणात मिळालेली जागा फार लहान आहे.

श्लेषाची, म्हणजे एका शब्दातून दोन अर्थ काढण्याची, गंमत वेगळी. तो कागदावर मरतो. दमयंती नळाच्या ध्यासानं मूर्च्छित पडली आहे, थंड उपचारांनी शुद्धीवर येते आणि आईला सांगते, 'औषध नलगे मजला'. आईला वाटतं, औषध नको म्हणते आहे. ती 'बरे' म्हणून मान डोलावते. पोरगी सांगते आहे भलतंच: नल, गे, माझं औषध! शब्द एका दमात म्हटले तर दोन्ही अर्थ शेजारी शेजारी उभे राहतात. एका गाईडात मी 'न लगे' असं मोकळी जागा सोडून छापलेलं पाहिलं. छापणाऱ्यानं त्या आईचीच बाजू घेतली.

अशीच तोडमोड एका मोठ्या भांडणातही झालेली आहे. काश्मीरच्या मम्मटांनी काव्यप्रकाशात काव्याची व्याख्या करताना म्हटलं की दोष नसलेले आणि गुण असलेले शब्द आणि अर्थ म्हणजे काव्य. क्वचित कुठे अलंकार नसला तरी चालेल. 'अनलंकृती' हा त्यांचा शब्द. पुढे चंद्रालोक लिहिणाऱ्या जयदेवांना, म्हणजे गीतगोविंदवाले नव्हेत, हे अजिबात पटलं नाही. त्यांनी विचारलं, अलंकाराविना काव्य मानणारा हा विद्वान उष्णतेविना अग्नी का मानत नाही? आणि हे विचारताना मम्मटांचाच 'अनलंकृती' घेऊन पुढच्या ओळीत त्याचे 'अनलं कृती' असे दोन तुकडे केले. अनल म्हणजे अग्नी, कृती म्हणजे विद्वान. टोला मारला तोही यमक साधून. मुलांना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांना पहिल्यांदाच वाटलं की या विषयात कोणीतरी खरोखर चिडलेलं आहे. मी स्वतः मम्मटांच्या बाजूची, पण टोला जयदेवांचा सरस, हे मान्य करायला हवं.

बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साम्यवाचक शब्द ही उपमेची चार अंगं त्यांना कोणी शिकवली नव्हती. तरी 'अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर' या ओळीत ती सापडतात. संसार उपमेय, तवा उपमान, 'जसा' साम्यवाचक. साधारण धर्म कोणता, या प्रश्नाला एकानं उत्तर दिलं, 'दोन्ही गरम.' मी त्याला पूर्ण गुण दिले. पुढच्या ओळीत बहिणाबाईंनी स्वतःच खुलासा केला आहे, आधी हाताला चटके, मग भाकर. तो त्यानं वाचला नव्हता, पण दिशा बरोबर होती. उलट 'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर' इथे 'जसा' नाही, 'जणू' नाही, गाईडातल्या चौकटीतलं काहीच नाही. मुलं अडली. रूपक कधीच हात वर करून 'मी इथे आहे' म्हणत नाही, ते ओळखायला ओळ पूर्ण वाचावीच लागते. परीक्षेत त्यावर जास्त प्रश्न यावेत असं माझं मत आहे. अर्थात माझं मत कोणी विचारलेलं नाही.

वृत्तांच्या बाबतीत मी फार शिकवत नाही. यमाचा, मानावा, ताराप, राधिका, जनास, भास्कर, नमन, समरा ही गणांची, म्हणजे तीन-तीन अक्षरांच्या गटांची, आठ नावं पाठ असली की लघु-गुरूच्या खुणा करून गण पाडता येतात, आणि बोर्डाला तेवढंच हवं असतं. पण त्याआधी ओळ म्हणून बघा असं सांगते. 'न न म य य गणांनी मालिनी वृत्त होते' ही मालिनीची व्याख्या स्वतःच मालिनीत आहे. असा नियम कायद्याच्या पुस्तकात सापडणार नाही. शार्दूलविक्रीडिताचं तर काही सांगावंच लागत नाही. मुठीत अक्षता धरून प्रत्येकानं ते ऐकलेलं असतं. 'स्वस्ति श्रीगणनायकं गजमुखं' इथे बाराव्या अक्षरावर भटजी श्वास घेतात, तोच यती. मग 'मोरेश्वरं सिद्धिदं' अशी उरलेली सात अक्षरं. घरोघरच्या आत्या आणि मावश्या हौसेनं मंगलाष्टकं रचतात, त्यांत वधूचं नाव, वराचं नाव, दोन्हीकडचे आजी-आजोबा आणि अमेरिकेतले काका बसवताना त्या यतीचं जे होतं, ते ऐकून गण पाडायची हिंमत कोणालाच होत नाही. चाल मात्र सगळं सांभाळून घेते.

शेवटच्या दिवशी व्याजस्तुती राहिली होती: वरवर स्तुती, आत निंदा, किंवा त्याच्या उलट. उदाहरण शोधत होते तेवढ्यात एका मुलाची आई त्याला न्यायला आली आणि दारातूनच म्हणाली, 'काकू, तुमचे फार उपकार आहेत हो. महिनाभरात घरात काही बोलायची सोय राहिली नाही. मी जेवायला वाढताना काही म्हटलं की हा त्याला नाव ठेवतो, म्हणजे अलंकाराचं. अभ्यास तेवढा राहून जातो, पण तो काय, होईल.' एवढं बोलून ती गोड हसली. मुलानं वही बंद करता करता माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, 'व्याजस्तुती. दोन गुण.'