लगाम काढून घेतला तेव्हा कुठे मांड कळली
दोन वर्षं पुण्यात दर रविवारी घोड्यावर बसतेय, पण परवा स्वतःचा व्हिडिओ बघितला आणि लाजच वाटली, टाच वर, खांदे पुढे, हात असे की जणू लोकलचा दांडा धरलाय. आधीच्या क्लासमध्ये आठ जण एकामागे एक, सर मधे उभे राहून नुसतं "टाच खाली!" ओरडणार. ती खाली का जात नाही हे कोणी सांगेना.

म्हणून यावेळी ग्रुप पॅकेज सोडून लंजचे धडे घेतले, म्हणजे घोडी लांब दोरीवर सरांभोवती गोल फिरते, तिला सांभाळायचं काम त्यांचं, आपण फक्त बसायचं. महाग पडतं आणि अर्ध्या तासात मांड्या भरून येतात, पण व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमधले शिकाऊसुद्धा सुरुवातीला असेच दोरीवर, रिकिबी (पाय ठेवायच्या कड्या) आणि लगामाशिवाय बसतात, मग आपण कोण!

दुडक्या चालीत मी पोत्यासारखी आपटत होते. सर म्हणाले, "ताई, गुडघ्याने खोगीर आवळताय म्हणून टाच वर येतेय, सैल सोडा." सोडला, तर पाय आपोआप लांब झाला, कान-खांदा-कंबर-टाच एका रेषेत. मग नुसता श्वास सोडून बैठक जड केली तर घोडी थांबली, हातात लगाम नसताना! दोन वर्षं मी घोड्यांची तोंडं ओढत होते, बिचारे.

तुम्ही क्लास शोधत असाल तर पैसे भरायच्या आधी कठड्याशी उभं राहून एक धडा बघा, सर रायडरच्या कमरेकडे बघतायत की फोनकडे. मला पुढच्या रविवारी रिकिबी परत मिळणारेत म्हणे.