तुम्ही विचारलंत म्हणून: छाती हलते आहे, मग माणूस गेला कसा?

मिरजेतल्या रुग्णालयांत अतिदक्षता विभागाबाहेर नातेवाइकांशी बोलण्याचे काम मी बरीच वर्षे केले. त्यामुळे लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला विचारले जाते, की अंग गरम आहे, छाती वरखाली होते आहे, तरी तुम्ही लोक माणूस गेला असे कशाच्या आधारावर सांगता?

हा प्रश्न मेंदूमृत्यूचा. छाती हलते ती व्हेंटिलेटरमुळे. हृदयाचे ठोके हृदयातच उमटतात, त्यामुळे प्राणवायू मिळतो तोवर ते काही काळ चालू राहते. श्वास घेण्याची आज्ञा मात्र मस्तिष्कस्तंभातून, म्हणजे मेंदूच्या तळाच्या भागातून येते आणि तो एकदा मेला की पुन्हा जागा होत नाही. म्हणून डॉक्टर डोळ्यांच्या बाहुल्यांवर उजेड टाकतात, कानात बर्फाचे पाणी सोडतात आणि शेवटी नळीतून ऑक्सिजन चालू ठेवून व्हेंटिलेटर काही मिनिटे सोडवतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढत असताना सगळ्यांची नजर त्या छातीवर असते, आणि ती हलत नाही. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४च्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांच्या मंडळाला ही तपासणी किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा करावी लागते, आणि अवयव बसवणाऱ्या पथकातला कोणीही त्या मंडळात चालत नाही.

कोमातला रुग्ण यात येत नाही, तो जिवंत असतो. त्याचे उपचार थांबवायचे की नाही, यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घालून दिलेली आणि २०२३ मध्ये सुटसुटीत केलेली वाट वेगळी आहे. हे दोन विषय एकाच दमात बोलणारे डॉक्टरही मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यामुळे लोकांचा संशय वाढतो असे माझे स्पष्ट मत आहे.

मला खरी भीती वाटते ती त्या ६ तासांची. एका ठिकाणी पहिली तपासणी होताच कोणीतरी घाईने मूत्रपिंडे दान करण्याचा विषय काढला, मुलाचे काका ताडकन उठले आणि म्हणाले, "म्हणजे तुमचे आधीच ठरले होते." त्यांनी नकार दिला, आणि तो मला आजही योग्य वाटतो. मृत्यूची बातमी एकाने सांगावी, ती घरच्यांच्या गळी उतरू द्यावी, आणि मगच दुसऱ्याने दानाचा प्रश्न विचारावा. दान केलेले अवयव कोणाला द्यायचे ते ठरवणाऱ्या पुण्याच्या समन्वय केंद्राला फोन करायची घाई असली तरीही.

तासगावकडच्या एका वडिलांनी होकार देऊन सही केली आणि पेनाचे टोपण लावता लावता विचारले, "दहावा कुठल्या दिवसापासून धरायचा?" दुसरी तपासणी मंगळवारी रात्री पुरी झाली होती, हृदय थांबणार होते बुधवारी, शस्त्रक्रियागृहात. कागदावर मंगळवारच येईल, असे मी सांगितले. त्यांनी मान डोलावली. पण पुढे कळले, की घरी त्यांनी बुधवारच धरला होता.