मुलाची शेंगदाण्याची ॲलर्जी आणि शाळेच्या फॉर्ममधला तो एक चौकोन

डॉक्टरांकडे जाणं, हातावर थेंब टाकून टोचतात ती स्किन प्रिक टेस्ट, रिपोर्ट, हे सगळं मराठीतच निवांत पार पडलं. अडकलं ते शाळेच्या ऑफिसात. अजून आठवलं तरी डोकं फिरतं.

आम्ही कोपरखैरण्याला राहतो, मुलगा दुसरीत, इंग्लिश मीडियम. माझी शाळा मराठी पण कामावरचे ईमेल मी रोज लिहिते, इंग्लिशला घाबरणाऱ्यातली नाही. तर शाळेची सहल निघाली लोणावळ्याला, आणि लोणावळा म्हटलं की चिक्की आलीच, म्हणून ॲलर्जी असलेल्या मुलांचा हेल्थ फॉर्म ऑनलाइन भरायचा होता. फूड ॲलर्जी, टिक केलं. ट्रिगर, पीनट लिहिलं. पुढे 'नेचर ऑफ रिॲक्शन' असा चौकोन, आणि तिथे मराठी टाइप केलं की लाल अक्षरात 'इनव्हॅलिड कॅरॅक्टर्स'.

आता आपण घरी काय बोलतो? अंगावर पित्त उठलं, ओठ सुजला, घसा खवखवतोय, छातीतून शिट्टीसारखा आवाज येतोय. ट्रान्सलेट ॲपने पित्ताचं सरळ 'बाइल' करून दिलं, म्हणजे पोटातलं. (सासूबाईंचं वेगळंच, आमसुलाचं पाणी चोळ, बसेल म्हणाल्या.) मी लिहिलं 'स्किन अँड ब्रीदिंग प्रॉब्लेम'. फॉर्म परत, शेरा 'नॉट स्पेसिफिक'.

मग गेले ऑफिसात. काउंटरवरच्या मॅडम मराठीच, माझ्याशी मराठीतच बोलत होत्या, त्याचाच जास्त राग आला. "मॅडम, रॅश येते की हाइव्ह्ज? माइल्ड, मॉडरेट की सिव्हिअर? ॲलर्जी आहे की इनटॉलरन्स?" म्हटलं मी काय होतं ते सांगते, तुम्ही लिहून घ्या. तर "आम्हाला लिहिता येत नाही, पालकांनीच भरायचं." बरं, मग डॉक्टरांचं पत्र चालेल का, तर चालेल. हाफ डे टाकून पत्र आणलं, त्यात 'स्ट्रिक्टली अव्हॉइड पीनट्स'. ते बघून म्हणतात यात रिॲक्शन कुठे लिहिलीय? डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले त्या वेळी घरी तुम्ही होता, काय झालं ते तुम्हीच सांगणार ना. बरोबरच आहे त्यांचं. पण मी बाकावर बसलेली, मधली सुट्टी झाली, मॅडम डबा खायला गेल्या, आल्या, पुन्हा तेच, "स्पेसिफिक लिहा." अहो, स्पेसिफिकच सांगतेय मी, फक्त मराठीत सांगतेय! शेवटी "उद्या या, सिस्टिम बंद झाली."

त्या रात्री वही घेऊन बसले. आधी शरीरावर काय दिसतं ते. रॅश म्हणजे कसलंही पुरळ, पण आपलं पित्त उठतं, गांधी येतात, खाजतात आणि थोड्या वेळाने जागा बदलतात, ते हाइव्ह्ज, डॉक्टरी भाषेत अर्टिकेरिया. सूज म्हणजे स्वेलिंग. ती शिट्टी म्हणजे व्हीझिंग, बहुतेक श्वास सोडताना ऐकू येते. इनटॉलरन्सचं प्रकरण वेगळंय, दूध पचत नाही, पोट फुगतं, जुलाब होतात, कारण लॅक्टेज, म्हणजे दुधातली साखर पचवणारं एन्झाइम, कमी असतं, त्याचा इम्यून सिस्टिमशी संबंध नाही. शेंगदाण्याच्या ॲलर्जीत तो असतो. आणि सर्वात महत्त्वाचा शब्द ॲनाफायलॅक्सिस, म्हणजे रिॲक्शन अंगभर पसरून श्वास किंवा बीपीवर येते. तेव्हा ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला देतात. सेट्रिझिनसारखं अँटीहिस्टॅमिन खाज कमी करेल, पण श्वास अडकला असेल तर त्याच्या भरवशावर बसायचं नाही, 108 ला फोन. अमेरिकन वेबसाइटवर ॲड्रेनलिनलाच एपिनेफ्रिन म्हणतात, ते माहीत नसेल तर उगाच दोन औषधं वाटतात.

बाकीचे शब्द डीमार्टमध्ये पाठ झाले, खरंच. पाकीट उलटं करायचं. 'कंटेन्स' म्हणजे घातलेलंच आहे. 'मे कंटेन' म्हणजे घातलेलं नाही पण त्याच कारखान्यात त्याचा अंश लागलेला असू शकतो, आम्ही तेही घेत नाही. एफएसएसएआयच्या (सरकारची अन्नसुरक्षा संस्था) नियमात ॲलर्जीचे आठ गट पाकिटावर सांगावे लागतात, त्यात शेंगदाणा, दूध, अंडं, मासे, सोया, ग्लूटेनवाली धान्यं आहेत, तीळ मात्र नाही. तिळाची ॲलर्जी असेल तर खालची 'कंटेन्स'ची ओळ वाचून थांबू नका, अख्खी इन्ग्रेडियंट्सची यादी वाचा. आणि आपल्याकडे पाकिटावर पीनटऐवजी 'ग्राउंडनट' पण असतं, दोन्ही शोधायचे.

दुसऱ्या दिवशी हे लिहून नेलं: 'हाइव्ह्ज अँड लिप स्वेलिंग विदिन मिनिट्स ऑफ ईटिंग पीनट. वन पास्ट एपिसोड ऑफ व्हीझिंग.' आधी काय दिसलं, किती वेळात, श्वासावर आलं का, याच क्रमाने. सिव्हिअरवर टिक केलं, डॉक्टरांना विचारूनच, कारण श्वासावर एकदा आलं होतं. मॅडमनी वाचलं, म्हणाल्या, "हां, आता कसं!" मी काही बोलले नाही पण मनात जे आलं ते इथे टाइप करता येणार नाही. फॉर्म तिथल्या तिथे अप्रूव्ह. हेच वाक्य आता माझ्या फोनच्या नोट्समध्ये आहे, क्लासच्या टीचरला, सोसायटीतल्या बर्थडे पार्टीला, सगळीकडे तेच फॉरवर्ड. खाली मराठीतही लिहून ठेवलंय, कारण पोहे, खिचडी, कोशिंबीर, सगळ्यात कूट असतो आणि ते करणाऱ्या मावशींना व्हीझिंग सांगून काय उपयोग.

हां, एक राहिलंच. फॉर्ममध्ये नुसतं 'नट्स' असेल तर लगेच टिक करू नका, शेजारी 'पीनट ओन्ली' लिहा. शेंगदाणा तूर-मुगाच्या कुळातला, काजू-बदाम ट्री नट्समध्ये येतात. आमच्या डॉक्टरांनी काजू चालेल सांगितलंय, पण टिक केलं असतं तर शाळेने डब्यातली काजूकतलीही काढून घेतली असती. आणि औषधाच्या किंवा क्रीमच्या खोक्यावर 'अराकिस ऑइल' दिसलं तर केमिस्टला विचारा, ते शेंगदाण्याचंच तेल.